चिठ्ठीची दुसरी बाजू

अक्षरं मला साठीनंतर लेकीने शिकवली. आम्ही दोघं एकाच रोपवाटिकेत कामाला. मी चाळीस वर्षं खुरपं धरलं. ती शिकून आली आणि माझीच मुकादम झाली.

त्या वर्षी गुलाबांवर मावा पडला, कोवळे शेंडे बारीक किडीने भरले. मालक म्हणाले, औषध फवारा. लेक अडून बसली. "पंधरा दिवस द्या. मावा हटला नाही तर मी मुकादमी सोडते."

एका सकाळी पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. कुंडीला चिठ्ठी बांधलेली, लेकीच्या अक्षरातली. बोट फिरवत मी वाचलं : "काळ्या अळ्या मारू". कुणाला न विचारता वाचता आलं म्हणून छाती फुगली. शेवट तुटका वाटला, पण म्हटलं, घाईत लिहिलं असेल. दुपारपर्यंत गुलाबांच्या दोन्ही रांगा अंगठ्याने चिरडून साफ केल्या.

लेक आली आणि पानं चाळू लागली. "आप्पा, माझ्या अळ्या कुठे गेल्या?"

"तुझ्या?"

"अहो, तुमच्या त्या काळ्या ठिपक्यांच्या लाल किड्याची पोरं ती! मावा खातात. पुढे पानाला चिकटून कोश करतात, मग लाल होऊन बाहेर पडतात."

तो लाल किडा खुरप्यावर बसला तर मी हात थांबवायचो. आणि त्याचीच पोरं...

"पाखरांनी नेल्या असतील," मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला. "तुम्ही नसणारच. तुम्हाला वाचता येतं."

ती गेल्यावर मी चिठ्ठी उलटली. मागे एकच शब्द होता : "नयेत".

पंधराव्या दिवशी मालक फवारणीवाल्याला घेऊन आले. "काय मुकादमबाई, मावा खाणारी फौज पळाली वाटतं?"

लेक मान खाली घालून उभी. मला राहवलं नाही. चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर दोन्ही बाजू वाचल्या. "मीच मारल्या, मालक. हिचा दोष नाही."

फवारणीवाला खो खो हसला. "आप्पा, पाठ वाचायचीच राहिली की!"

लेकीने पानं उलटून पाहिली तेव्हा तीन कोश सापडले. मालकांनी आणखी पंधरा दिवस दिले. माझ्या वयाकडे पाहून दिले, ते मला कळलं.

घरी जाताना लेक म्हणाली, "मारल्या ते चुकून, आप्पा. पण पाखरांचं नाव का घेतलंत?"