जात्याची तळी

आमच्या गावात गाडी आली की कोण, कुठले, कोणी विचारत नाही. नुसतं बोट दाखवतात. त्या वर्षांत गाड्या यायच्या त्या मेलेले शेतकरी मोजायलाच. पेपरवाले, कमिटीवाले, फोटोवाले. म्हणून कबरी खोदणारा गयासुद्दीनचाचा, पाठीला पिशव्या लावून आलेल्यांनाही कब्रस्तानचं फाटक उघडून देत राहिला. तीन वर्षं.

दोन हजार तेराच्या शबे-बरातला, मयतांच्या कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, दुपारीच माझी कुलसुमखाला अकोल्याहून आली. वर्षातून एकदाच येते. तिची मिस्बाह नऊ वर्षांची असताना तापानं गेली. कच्ची कबर दोन पावसाळ्यांत जमिनीला मिळते, वर तरोटा माजतो. म्हणून खालानं घरच्या जात्याची खालची तळी पोरीच्या डोक्याशी ठेवली होती. अशी खूण दुसऱ्या कोणाची नाही.

तिच्यासोबत कब्रस्तानात गेलो तर एक पोरगी आणि तिचा जोडीदार तीच तळी कलती करून खाली हात घालत होते.

"काय करून राहिले ओ तिथं?" मी ओरडलो.

"सॉरी दादा. मी साधना, पुण्याहून आलोय आम्ही. हा खेळ आहे. कोणीतरी डबा लपवतं, जागा इंटरनेटवर टाकतं. आपण फोनवर बघत शोधायचा. इथली जुनी घुमटी फेमस आहे ना, म्हणून."

डब्यात दोन कीचेन, गोट्या आणि एक वही. वहीत डबा शोधून गेलेल्यांची एक्केचाळीस नावं. शाबास!

"हे कबर हाये बाई."

"आम्हाला नुसता दगड वाटला."

"तुह्या बापाच्या डोक्याशी असता, त वाटला असता काय नुसता?"

ती रडकुंडीला आली. "पण सगळे दगड जागेवरच ठेवतात. तीन वर्षांपूर्वी डबा लपवला तेव्हाचा हा पहिला फोटो बघा."

बघितला. फोटोत तळी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकलेली. मी मान वर केली. कडुनिंब बारा पावलं लांब होता.

"फोन थोडं इकडेतिकडे दाखवतो," जोडीदार पुटपुटला. "ज्याला जिथे दाखवलं तिथे त्यानं डबा आणि वरचा दगड ठेवला असेल."

खालाच्या हातातली फुलांची पुडी तशीच राहिली. "म्हंजे तीन साल मी कोणाच्या डोक्याशी फातेहा पढून राहिली?"

मग ती कडुनिंबाकडे वळली. तिथं ताजी कबर होती, मागच्या महिन्यात गेलेल्या म्हाताऱ्या शिंप्याची.

"गयासुद्दीन. तिथं खोदलं तवा जागा खाली होती?"

चाचा फाटकाची कडी धरून उभा.

"आबे बोल ना!" खाला ओरडली.

"खूण तिकडं होती, कुलसुम. मले वाटलं, इथं कोणीच नाही." त्यानं कडी सोडली. "लहान हाडं निंगाले. फडक्यात बांधून म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवले. कोणाचे हायेत, कोणाले इचारू? कलमा पढलो अन् माती लोटली."

साधना म्हणाली, "आम्ही साइटवर कळवतो, काकू. ही जागा काढून टाकायला सांगतो."

काढून टाका! आता!

खाला रडली नाही. वाकून तिनं तळी उचलली. सत्तावन्न वर्षांची बाई, एकटीनं. साधनाचा जोडीदार धावला तर त्याला तिनं कोपरानं ढकललं. बारा पावलं चालली आणि शिंप्याच्या पायाशी थांबली. पण तळी खाली ठेवीना. कबर दुसऱ्याची होती.

"दानिश, शिंप्याच्या घरी जाय. म्हणा, तुमच्या मयताच्या पायाशी माही पोरगी हाये. दगड ठेवू देता का, इचार."

"तवर तळी खाली त ठेव, खाला."

"कुठं ठेवू?"

मी पळत सुटलो.