पत्रूच्या जागी पाला

"घंटी वाजवत जाय वो माय. वाट आपली असली तरी घर वाघाचं हाये. दुसऱ्याच्या घरात शिरताना आवाज द्याव लागते."

रंजीताला सायकल शिकवताना तिचा बाप पत्रू मागून कॅरिअर धरून पळायचा आणि धापा टाकत हे बोलायचा. बाप गेला, आवाज राहिला.

तीन वर्षांमागे, मोहफुलं वेचायला पहाटेच सायकलीनं निघालेल्या पत्रूला याच जंगलरस्त्यावर गाडीनं उडवलं. कोणाची गाडी, कळलंच नाही. "ट्रक असंल," गाव म्हणालं, आणि तपास तिथेच निजला.

आज रस्त्यावर मेलेल्या सायकलवाल्यांच्या आठवणीत नागभीडहून फेरी निघाली होती. दंडाला काळी फीत, पुढे प्रफुल मास्तर. त्यांनी बजावलं, "मुक्यानं चालायचं. घंटी नाही, बोलणं नाही."

"मास्तर, तुमाले मरायची हौस असंल," गावातली कमलाबाई मागून म्हणाली. "ह्या जंगलात कोनी मुकं जाते का? वाघ काय फीत पाहून सोडते?"

मास्तरही हसले. झाडी दाटली तशा साऱ्या घंट्या किणकिणू लागल्या.

रंजीताच्या मागे कॅरिअरवर आई होती, रंभा. इकडची रीत अशी, की वाटेवर माणूस गेला तर येणाऱ्याजाणाऱ्यानं त्या जागी हिरवी डहाळी टाकायची. पाल्याचा ढीग वाढतो, भटकत्या जिवाला सावली होते. सगळ्या गावानं टाकला होता पाला. बायकोनं नव्हता टाकला. "माय, तुह्यं मन गोट्याचं हाये का?" रंजीता भांडायची. आई चूल फुंकत बसायची. बापाला आईच्या हातची एक डहाळी मिळावी, एवढंच लेकीला हवं होतं. आज तिनं आईला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

ढिगाशी सायकली थांबल्या. पत्रूचा धाकटा भाऊ मुखरू पळसाची डहाळी घेऊन पुढे आला. भाऊ गेल्यापासून यानंच घरात तांदूळ टाकला, रंजीताचं कॉलेजात नाव घातलं.

रंभानं त्याचं मनगट धरलं.

"तू नोको टाकू."

फेरीतल्या शहरातल्या लोकांना काही उमगलं नाही. कमलाबाईचा पदर मात्र तोंडावर गेला. ज्याच्या हातून माणूस मेला, त्यानं तेवढा पाला टाकायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"माय, काय बोलून राह्यली तू? काका हाये तो!" रंजीताच्या हातून सायकल निसटून डांबरावर आदळली. काका आता भडकेल, हसेल, काहीतरी म्हणेल, म्हणून ती त्याच्याकडे पाहत राहिली. मुखरू खाली बघत होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "लोकं हायेत."



"लोकं हायेत म्हूनच," रंभा म्हणाली. मनगट तिनं सोडलं नव्हतं. "तीन वर्षं याचाच भात खाल्ला आपण, पोरी, म्हून तोंड शिवून बसली. ट्रक नव्हता. ह्याची पिकअप होती. म्या त्या मोहाखाली टोपली घेऊन उभी होती, म्या पायलं. हा उतरला, भावाचं तोंड पायलं, अन् गाडीत बसून निंगून गेला. तुहा बाप तवा जिता होता."