मेडशीलाच बंद पडणारी गाडी

“आन् मंग ती पुन्हा मेडशीलेच बंद पडली?” मागच्या सीटवरून पुढे वाकत वैभवीनं विचारलं.

“मेडशीलेच,” शालिग्राम म्हणाला. “तिले ते गावच आवडे.”

गाडी चालवणारा त्याचा मुलगा गोपाल हसला. वैभवी तर खिदळलीच. तिच्या शेजारी बसलेली विजयमाला मात्र खिडकीबाहेर पाहत राहिली. आजोबांचं हे उत्तर नातीला नवं होतं. आजीनं ते लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ऐकलं होतं आणि तेव्हाही ते तिला पटलं नव्हतं.

गोपालनं ही नवी गाडी नुकतीच आणली होती. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. अशा गाडीचा पहिला लांबचा फेरा देवाला व्हावा, अशी विजयमालाची इच्छा होती. पण सकाळी मेडशीजवळच्या बंजारा तांड्यावरून फोन आला की शालिग्रामचा जुना मित्र सोमला गेला. शालिग्रामनं फोन ठेवला आणि तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला. सख्खा भाऊ गेला तेव्हा तो असा बसला नव्हता. थोड्या वेळानं उठून त्यानं गोपालला सांगितलं की आजच भेटायला जायचं आणि ऊन आहे तोवर परतायचं.

नव्या गाडीचा पहिला फेरा दुखवट्याला कसा न्यायचा, असं विजयमालानं म्हणून पाहिलं. ते चाललं नाही. तेव्हा तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं काढलं आणि आपणही येणार म्हणून सांगितलं. शालिग्राम तिच्याकडे पाहतच राहिला. इतक्या वर्षांत ती त्या तांड्यावर कधी गेली नव्हती. सोमला वांगी-मिरची न्यायला कधीमधी मळ्यात यायचा, तेव्हा तिनं त्याला पाणीही दिलं होतं. तिला पाहायची होती ती सोमलाची बायको, भागिरथा. त्या बाईच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं की आपल्याला काय ते कळेल, अशी तिची खात्री होती. कळल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र तिनं ठरवलं नव्हतं.

“आबा, त्या जुन्या गाडीच्या दरवाज्याचं सांगा ना,” वैभवी म्हणाली.

शालिग्रामला तेवढंच निमित्त पुरे होतं. त्यांच्या गावच्या, जऊळक्याच्या भाजीवाल्या मळेकऱ्यांत चारचाकी घेणारा तो पहिला. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी टाकून दिल्यासारखी विकलेली ती गाडी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि डावीकडचा दरवाजा सुतळीनं बांधलेला. बसणाऱ्यानं सुतळी धरून बसायचं, नाही तर वळणावर दरवाजा आपोआप उघडायचा. पायाखालच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून पळणारी सडक दिसायची. डावीकडे वळलं की हॉर्न वाजायचा, उजवीकडे वळलं की गप्प. मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या, टपावर वांग्याची पोती. सारं गाव तिला रुसूबाई म्हणायचं. ती रुसली की लोक म्हणायचे, शालिग्राम, साडी घेऊन दे तिले.

हे सगळं तो इतक्या प्रेमानं सांगत होता की गोपालनंही वेग कमी केला. विजयमाला मात्र ऐकता ऐकता मनात जुनाच हिशेब मांडत होती.

तिचं माहेर कामरगाव. गाडीवाला जावई मिळाला म्हणून तिच्या बापानं गावभर सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती दोघं त्याच गाडीतून कामरगावला निघाली. घरून निघायलाच उशीर झाला होता. दिवस कलला तसा शालिग्राम बोलायचा थांबला. कारंजाच्या पुढे गेल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला, बॉनेट उघडलं. विजयमाला पाहत होती. तो आत वाकून उभा होता, पण त्याचा हात कशालाच लागत नव्हता. नुसता उभा होता. मागून ओळखीच्या लोकांची जीप आली. त्यानं तिला त्यात बसवून दिलं आणि स्वतः गाडी सोडून येता येत नाही म्हणाला. गाडीवाल्या जावयाची नवी नवरी लोकांच्या जीपमध्ये दाटीवाटीनं माहेरी पोचली. बापाचं तोंड एवढंसं झालं. सकाळी हा गाडी चालवत, शीळ घालत हजर. काय झालं होतं म्हणून मेव्हण्यांनी विचारलं, तर म्हणे पेट्रोलमध्ये कचरा होता.

त्यानंतर मेडशी सुरू झाली. भाजी घेऊन तो अकोल्याला जायचा. बाकीचे पहाटेच्या अंधारात निघून लिलाव गाठायचे. हा चांगलं उजाडल्यावर निघायचा. पहाटे रुसूबाईचं इंजिन गारठतं, असं सांगायचा आणि मग हॉटेलं आणि खाणावळी फिरून माल विकायचा. त्यात दिवस जायचा. येताना घाट उतरला की मेडशी, आणि मेडशीला गाडी बंद. रात्री सोमलाच्या घरी मुक्काम. सकाळी उन्हाबरोबर हा दारात उभा, पोटभर जेवलेला. उन्हाळ्यात गाडी फारशी बंद पडत नसे. थंडीत मात्र आठवडाही सुना जात नव्हता. थंडीच्या रात्री परक्याच्या घरी माणसाला ऊब कशाची लागते, हा प्रश्न तिच्या जावेनं हसत हसत विचारला होता. जाऊ विसरली असेल, विजयमाला विसरली नाही.

एकदा त्यानं तांड्यावरून येताना कवड्या आणि आरसे लावलेली एक पिशवी आणली होती. भागिरथानं स्वतः शिवून तुझ्यासाठी दिली, म्हणाला. दुसऱ्या दिवशी विजयमालानं ती पिशवी बैलाच्या गळ्यात बांधली. त्यानं ती काढली नाही.

“आखरीले काय झालं तिचं?” वैभवीनं विचारलं.

“वाशीमच्या भंगारवाल्याले देली. त्या दिवशी पाय, एका सेल्फमंदी सुरू झाली.” शालिग्राम म्हणाला. “बिचारीनं लय आयकून घेतलं वं लोकायचं.”

गाडीला बिचारी म्हणतो, विजयमालाच्या मनात आलं. आपल्याला कधी म्हणाला होता?

तांड्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि अंत्यविधी उरकला होता. सोमलाचा मुलगा हरिसिंग पुढे आला आणि त्यानं शालिग्रामच्या गळ्यात पडून रडून घेतलं. पुरुष माणसं निंबाखाली बसली. वैभवी गोपालचं बोट धरून तिथंच थांबली. विजयमालाला बायांनी आत नेलं.

भागिरथा भिंतीला टेकून बसली होती. म्हातारी, सुकलेली, हातावर गोंदण, डोळे रडून लाल झालेले. विजयमालानं तिच्या तोंडाकडे ठरवल्याप्रमाणे नीट पाहिलं. तिथं तिला काहीच सापडलं नाही. ते तिला आणखी खटकलं. ज्या बाईला नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी आपल्याला पाहून काही वाटत नाही, ती एक तर निर्दोष, नाही तर फार पोचलेली.

भागिरथानं तिचा हात धरून जवळ बसवून घेतलं. सोमला कसा गेला ते सांगितलं. रात्री जेवला, निजला, सकाळी उठलाच नाही. मग तिचं लक्ष दाराबाहेर गेलं, निंबाखाली बसलेल्या शालिग्रामकडे.

“आमच्या बुढ्याचा लय जीव व्हता तुमच्या मालकावर,” ती म्हणाली. “पयल्यांदा भेटले ते आठवते मले. बुढा सडकेच्या कामावरून येऊन राह्यला व्हता. पाह्यते, त गाडी सडकेवर उभी आन् मालक नालीत पाय घालून बसले. काय झालं म्हटलं, त म्हणे गाडी बंद पडली. बुढ्यानं चाबी फिरवली. गाडी त सुरू.”

भोवतीच्या बायांपैकी कुणी तरी दुःखातही हसलं. भागिरथाही किंचित हसली.

“मंग रडले मालक. म्हणे गाडीले काई झालं नाई गा, दिस बुडाला का मलेच दिसत नाई. लहानपनापासून. बुढ्यानं हात धरून घरी आनलं. तवापासून उशीर झाला का अठीच थांबत. हरिसिंगची पाटी घेऊन बसत चिमणीपाशी, बाराखडी गिरवून घेत. कोनाले सांगू नोका म्हणत. आमी कायले सांगतो? तुमाले त सारं ठाऊकच असंन. घरची बाई तुमी.”

विजयमालाच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

“हो,” ती म्हणाली. “ठाऊक हाये.”

“मी तुमच्यासाटी पिशवी धाडली व्हती. भेटली व्हती का?”

“भेटली. अजून हाये.”

तिनं लगेच विषय बदलून हरिसिंगच्या मुलाबाळांची चौकशी केली.

परत निघायची घाई शालिग्रामनंच केली. उजेड आहे तोवर घाट सोडू, असं तो दोनदा म्हणाला. घाट तर उलट्या बाजूला, अकोल्याच्या रस्त्यावर होता. जऊळक्याला जाताना घाट लागतच नाही. गोपालनं ते सांगितलं, तर शालिग्राम नुसता हो हो म्हणाला. आज विजयमालाला त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता.

पण तिचा संशय असा सहज मरणारा नव्हता. गाडी सुरू झाली तशी ती पुन्हा विचार करू लागली. हे सगळं त्या दोघांनी मिळून ठरवलेलं नसेल कशावरून? सकाळी फोन आला, त्यात काय बोलणं झालं हे तिनं ऐकलं नव्हतं. आपण येणार म्हटल्यावर हा चपापला होता. बाईनं न विचारता सांगितलं, तेही इतक्या नीट. आणि त्याला खरंच रात्री दिसत नसतं तर एका छपराखाली राहून आपल्याला कळलं नसतं का?

मग तिला एकेक आठवू लागलं. रात्रपाळीचं पाणी धरायला मळ्यात नेहमी धाकटा दीर जायचा. लग्नकार्यात हा मांडवात दिव्याखाली जागा धरायचा आणि सगळं उरकेपर्यंत तिथून हलायचा नाही. दिवेलागण झाली की खाटेवर बसून पाणी माग, चप्पल माग, तंबाखू माग. ती त्याला नवाब म्हणायची, सुनेसमोरसुद्धा. तो हसायचा. रात्री घरातल्या घरात त्याचा हात भिंतीवरून फिरत असायचा. ती आळशी माणसाची सवय समजायची. कळायला एवढं सगळं समोर होतं. तिनं प्रत्येक गोष्टीला आधीच कारण देऊन ठेवलं होतं.

तरीही तिला पटत नव्हतं. लग्नाच्या वेळी सांगितलं नाही, ते एक वेळ समजू. त्याच्या बापानं लपवायला लावलं असेल. पण नंतर? रुसूबाईला सगळा गाव हसला, तिनं स्वतः त्या गाडीच्या चाकाला लाथ मारून भवानी म्हटलं, तेव्हा हा माणूस बाजूला उभा राहून गाडीचीच चूक सांगत होता. आपल्याला हसण्यापेक्षा गाडीला हसलेलं त्याला परवडलं. बायकोच्या मनात दुसरी बाई येईल, हे त्याच्या डोक्यात आलं नसेल? की तेही त्याला परवडलं?

मालेगावच्या अलीकडे ट्रक आडवा झाला होता. रांग लागली. सूर्य शेताच्या कडेला टेकला, मग गेला. वैभवीनं आणखी एक गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला, पण शालिग्राम आता बोलत नव्हता. त्यानं खिडकीवरची दांडी हातात धरून ठेवली होती. समोरून येणाऱ्या दिव्यांकडे तो मान ताठ करून पाहत होता. विजयमाला मागून त्याच्या मानेकडे पाहत होती. सोंग घेणारा माणूस कुणी पाहत नसताना सोंग घेत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आपण मागून पाहतो आहोत, हे त्याला कळत असेल तर?

घरी पोचले तेव्हा लाईन गेलेली होती. सारी गल्ली काळी, वर मात्र चांदणं स्वच्छ पडलेलं. गोपालनं झोपलेल्या वैभवीला खांद्यावर घेतलं, मोबाईलच्या उजेडात कुलूप काढलं आणि तो आत गेला. शालिग्राम खाली उतरला, पण गाडीपासून हलला नाही. पाय आखडले, जरा वेळ उभा राहतो, असं त्यानं विजयमालाला सांगितलं. नेहमीसारखंच.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. चपला तिनं तिथंच काढल्या. दोन्ही हातांतल्या बांगड्या वर चढवून घट्ट बसवल्या. मग अनवाणी पायांनी, आवाज न करता, ती अंगणातून परत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी निघालेली तिला दिसत होती. दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. त्याचे डोळे उघडे होते आणि थेट तिच्या तोंडावर होते. ती हलली नाही. तोही हलला नाही. त्याचा एक हात नव्या गाडीच्या पत्र्यावर होता आणि बोटं पत्रा सोडायला तयार नव्हती.

“गोपालची माय,” तिच्या खांद्यावरून, घराच्या दिशेनं त्यानं हळूच हाक मारली. “अवं, कुठी गेली?”

त्यानं हात पुढे केला असता तर तो तिच्या कपाळाला लागला असता.

विजयमालाला त्याच क्षणी त्याला धरावंसं वाटलं. तिनं धरलं नाही. तोंड त्याच्याकडेच ठेवून ती एकेक पाऊल मागे सरकत गेली. दारापाशी पोचल्यावर तिनं चपला घातल्या आणि बांगड्या मनगटावर सोडल्या.

“आली, आली,” ती दारातून म्हणाली. “पोरीले निजवून राह्यली व्हती.”

आणि ती अंगणातून निघाली, चपला फटफटवत, बांगड्या वाजवत, आपण कुठवर आलो ते त्याला नीट ऐकू जाईल अशी.