मंजुरी आधी कुणाची

शालिनीताईंनी जन्मभर चौथीच्या मुलांना गणित शिकवलं आणि तेवढ्याच भांडवलावर त्या उंदरांच्या समितीवर गेल्या. 'उंदरांची समिती' हे नाव त्यांच्या जाऊबाईंनी, अनसूयाबाईंनी ठेवलेलं. खरं नाव इतकं लांब होतं की ते पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा संपायचा.

फूलबागेजवळच्या एका संशोधन संस्थेत पांढरे उंदीर आणि ससे पाळलेले होते. त्यांच्यावर कुणाला औषध तपासून बघायचं असेल, तर आधी या समितीची मंजुरी लागायची. प्राणी हवेतच का, किती हवेत, त्यांना त्रास किती होणार, हे समिती बघायची. शास्त्रज्ञांच्या जोडीला तिच्यात एक बाहेरचा साधा माणूसही असावा लागतो. तो साधा माणूस म्हणजे शालिनीताई.

त्या वर्षी ही संस्था आणि औषधनिर्माणाचं एक कॉलेज एकत्र झालं. पाट्या बदलल्या, उंदीर एका छताखाली आले, दोन समित्यांची एक झाली. त्यातच वरून हुकूम आला की कागदी फायली बंद, आता सगळं पोर्टलवर. अर्ज पोर्टलवर येणार, ज्यानं त्यानं आपापल्या घरी तो वाचायचा आणि बटण दाबून मत द्यायचं. नाव पिवळं असेल तर मत यायचंय, हिरवं झालं की आलं. मुदतीत सगळी मतं आली नाहीत, तर अर्ज आपोआप परत जाणार.

दोन समित्यांचे अध्यक्षही दोन. इकडचे महिपतराव, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत घोड्यावर आले होते आणि रावसाहेब अजूनही खुर्चीवर खोगिरावर बसल्यासारखे ताठ बसत. तिकडचे तात्यासाहेब, औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते, म्हणून तात्यासाहेब पोस्टकार्डालासुद्धा समास सोडत. दोघंही सज्जन, आणि एकमेकांना फार मान देणारे. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं, पण हे ताईंना कळायला बराच वेळ लागला.

पोर्टलवरचा पहिला अर्ज राजलक्ष्मीचा होता. ही मुलगी लहानपणी ताईंच्याच वर्गात होती. आता कुटकी या कडू औषधी मुळीच्या अर्कानं यकृताला काय फायदा होतो यावर प्रबंध लिहीत होती. तिला कोवळ्या वयाचे, ठरावीक वजनाच्या आतले छत्तीस उंदीर हवे होते. तसे प्राणीगृहात होतेही, फक्त मंजुरीवाचून त्यांना हात लावता येत नव्हता.

मुदत संपायला थोडेच दिवस उरले, तेव्हा ती दर्पण कॉलनीत ताईंच्या घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाई, अजून सगळी नावं पिवळीच आहेत. एकसुद्धा हिरवं नाही."

"आणि उंदीर?"

"मस्त आहेत. दिवसभर खातात. वही तो प्रॉब्लम है ना, बाई! शुक्रवारनंतर वजन हाताबाहेर जाईल. पुढची पिल्लं उन्हाळ्यात. तोवर माझी प्रबंधाची मुदत खतम. चार वर्षं पाण्यात."

तिचे डोळे भरून आले. ताईंनी तिच्या हातात तीळगुळाच्या गजकाचा तुकडा ठेवला. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात आधी काहीतरी जावं, मग त्याच्याशी बोलावं, असा त्यांचा शिरस्ता होता. मग त्यांनी पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, सिस्टम बिलकुल ठीक है," पलीकडचा मुलगा वैतागून म्हणाला. "आपके यहाँ कोई बटन ही नहीं दबा रहा।"

ताईंनी स्वतःचं नाव बघितलं. तेही पिवळंच. त्या ओशाळल्या. अर्ज त्यांनी दोनदा वाचला होता, पण एवढी मोठी माणसं बसलेली असताना आपण कसं आधी दाबायचं, म्हणून थांबल्या होत्या.

गुरुवारी त्यांनी दोघा वडीलधाऱ्यांना संस्थेत चहाला बोलावलं. दोघांसमोर एकेक संगणक उघडून ठेवला आणि सरळच विचारलं, "अर्जात काही खोट आहे का?"

"छे! उत्तम अर्ज आहे," महिपतराव म्हणाले.

"मुलगी हुशार आहे," तात्यासाहेब म्हणाले.

"मग दाबा की बटण!"

"दाबतो ना. लहान मंडळींची मतं आली की लगेच," महिपतराव म्हणाले. "आमच्याकडे थोरल्यानं शेवटी बोलायचं असतं, ताई. थोरला आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. खरं कोण सांगणार?"

तात्यासाहेबांनी कानाच्या पाळीला हात लावला. "आमच्याकडे उलट. थोरल्याची सही सगळ्यात वर, बाकीच्यांनी त्याखाली. थोरांच्या डोक्यावर सही करण्याचा उर्मटपणा आमच्या घराण्यात कुणी केला नाही."

"मग तुम्ही तर थोरलेच, तात्यासाहेब!"

"मी? रावसाहेब माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी आधी करावी."

"मी मोठा, म्हणूनच मी शेवटी," महिपतराव म्हणाले.

"आपण वडील. आपणच आधी."

"अहो, आपण विद्वान. आपला मान पहिला."

"छे छे, रावसाहेब!"

"नाही नाही, तात्यासाहेब!"

चहावर साय धरली. समितीतली तरुण प्राध्यापक मंडळी दारातून डोकावून परत गेली. त्यातली निम्मी तात्यासाहेबांच्या आधी दाबायला धजत नव्हती, आणि निम्मी त्या निम्म्यांकडे बघून थांबली होती.

"दोघं एकदम दाबा," ताई म्हणाल्या. "मी तीन म्हणते. एक, दोन, तीन!"

दोन बोटं बटणापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. दोघांनी एकमेकांकडे पाहून अदबीनं मान लववली.

"आपण दाबलंत?"

"नाही, आपली वाट बघत होतो."

शेवटी दोघं एकमेकांना आधी दारातून बाहेर काढण्याच्या खटपटीत बराच वेळ उंबऱ्यावर उभे राहिले आणि घरी गेले. राजलक्ष्मी भिंतीला टेकून हे बघत होती. हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना.

"बाई, मी सरांच्या पाया पडू का?"

"नको. पाया पडलीस तर आशीर्वाद कुणी आधी द्यायचा, यावर अडेल." ताई खुर्ची ओढून संगणकासमोर बसल्या. "मला सांग, इथं मत देताना शेराही लिहिता येतो ना? तो कुणाकुणाला दिसतो?"

"सगळ्यांना. समितीच्या प्रत्येकाच्या मोबाईलवर लगेच जातो. पण शेऱ्याबरोबर मत द्यावंच लागतं, नाहीतर तो जातच नाही. और एक बार गया तो गया, मग पुसता येत नाही."

"पुसता येत नाही?"

"कधीच नाही."

ताईंना त्यांचा वर्ग आठवला. 'उत्तर सांगा' म्हटलं की चाळीस मुलं खाली माना घालायची. मग त्या फळ्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायच्या, आणि वर्गाचा वर्ग ओरडत उठायचा. तेव्हा धीट कोण, लाजरा कोण, पहिल्या बाकावरचा कोण, याचं भान कुणालाही उरत नसे. पण फळ्यावरचं चुकीचं उत्तर तास संपताना डस्टरनं पुसता यायचं. इथं ते त्यांच्या नावासह राहणार होतं. जन्मात ज्यांनी एक वजाबाकी चुकवली नाही, त्यांच्या नावासह.

त्यांनी राजलक्ष्मीकडे पाहिलं. पोरीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून दोरी केली होती.

ताईंनी 'बदलासह मंजूर' निवडलं आणि एका बोटानं सावकाश टंकलं: 'छत्तीस उंदीर कशाला? त्याऐवजी एक मोठा ससा घ्यावा. तेवढ्याच वजनात काम होईल.'

"बाई! ये क्या लिख दिया!" राजलक्ष्मी किंचाळली, तोवर शेरा गेलासुद्धा.

"तू घरी जा आणि जेव," ताई म्हणाल्या.

त्या दर्पण कॉलनीत पोहोचायच्या आतच फोन वाजला. महिपतराव होते.

"ताई, अहो, ससा? वजनावर? हे काय भाजी घेणं आहे?"

"मला वाटलं, सारखंच," ताई गरीब आवाजात म्हणाल्या.

"सारखं? सशाचं अंग वेगळं, उंदराचं वेगळं! आणि एकाच जनावरावरून काय कळणार? त्याला सर्दी झाली तर कुटकीला दोष द्यायचा? मी आत्ता लिहितो. हे असं पोर्टलवर राहता कामा नये!"

तो फोन ठेवला, तोच तात्यासाहेबांचा आला. ते कधी आवाज चढवत नसत, पण आता त्यांचा श्वास लागला होता.

"शालिनीताई, आपल्याविषयी मला आदर आहे. परंतु 'एक ससा' हे चार लोक वाचणार! मी सविस्तर लिहिलं आहे. नुकतंच पाठवलं."

"म्हणजे रावसाहेबांच्या आधी, तात्यासाहेब?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "अरे देवा. ते राहिलंच."

पण बाण सुटला होता. पोर्टलवर तात्यासाहेबांचं नाव हिरवं होतं, खाली पानभर शेरा, व्यवस्थित समास सोडून. पाठोपाठ महिपतरावांचं हिरवं झालं. त्यांनी लिहिलं होतं की ससा नकोच, पण छत्तीस उंदीरही जास्त होतात, तीस पुरतील. त्यावर तात्यासाहेबांनी गणित मांडून उत्तर दिलं की रावसाहेबांचं बरोबर आहे. खरं तर हा हिशेब त्यांनी आधीच करायला हवा होता, पण एकमेकांची वाट पाहण्यात अर्ज नीट तपासायचा दोघांचाही राहून गेला होता. दोन थोर मतं आलेली बघताच तरुण मंडळींची बोटं भराभर चालली. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळी नावं हिरवी झाली होती आणि सहा उंदरांचा बिनबोभाट बचाव झाला होता.

शनिवारी सकाळी दोघंही वडीलधारे ताईंच्या घरी हजर झाले. महिपतरावांच्या काखेत जनावरांच्या शरीराचे तक्ते होते, तात्यासाहेबांच्या हातात ताजा खडू.

"ताई, तुमचा काही दोष नाही," महिपतराव म्हणाले. "तुम्हाला कुणी नीट समजावूनच सांगितलं नाही."

"अगदी मुळापासून घेऊ," तात्यासाहेब म्हणाले.

अनसूयाबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि जावेकडे बघून पदरात हसल्या. ताईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तासभर उंदराचं यकृत झालं, मग सशाचं सुरू झालं. मध्येच राजलक्ष्मीचा फोन आला. मागे पिंजऱ्यांची खुडबुड ऐकू येत होती.

"बाई, सगळ्यांचं वजन आत बसलं! एक जण काठावर होता, पण बसला. मी दोघा सरांना सांगू का, की तुम्ही ते मुद्दाम..."

"अजिबात नाही," ताई तोंडावर हात धरून कुजबुजल्या. "आणि आता ठेव फोन. माझा वर्ग चालू आहे."