माझी काळी चौकट

मी साचा बोलतोय. लोखंडाचा नाही, मातीचा नाही. संगणकातल्या एका फायलीत राहणारा, चार ओळींचा म्हातारा साचा.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, तो आमच्याकडे तयार होतो. मजकूर येतो एक्सएमएलमध्ये, म्हणजे उघडाबोडका. प्रत्येक तुकड्याला खूण तेवढी असते: हे नाव, ही मात्रा, हा इशारा. खूण बघून कपडे चढवायचे, हे आम्हा साच्यांचं काम. माझ्याकडे इशारा.

हे काम घरूनच करणाऱ्या बाईंनी मला लिहिलं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दूध उतू जातंय का बघत बघत. ठसठशीत अक्षर, भोवती जाड काळी चौकट. झापड आलेल्यालाही दिसावी अशी.

मग बाईंचा दीर कामाला आला. शिकलेला! माझी चौकट बघून म्हणतो, "वहिनी, हा इशारा आहे की कुणी गेल्याची बातमी?"

"भावजी, औषधाचा कागद आहे, लग्नपत्रिका नाही."

"लोक घाबरतात हो."

"घाबरू देत की!"

तरी त्यानं फायलीच्या तळाशी त्याच खुणेसाठी दुसरा साचा लिहिलाच. आमच्यातला नियम मोठा नालायक: एका खुणेवर दोघांचा सारखा हक्क असला, तर खाली लिहिलेला जिंकतो. आधी आलेल्याला काडीचा मान नाही! इशारा माझ्या डोळ्यांदेखत पुढे जायचा आणि तो धाकटा साचा त्याला करडं, बारीक, नाजूक अक्षर नेसवायचा. मी जळून कोळसा.

नमुन्याचा कागद छापून आला, तो बाईंच्या सासूबाईंच्या हातात पडला. नाव वाचलं, मात्रा वाचली, नि कागद ठेवून दिला.

"आई, इशारा?" बाईंनी विचारलं.

"कुठाय? हे खाली धुरकट काय ते? मला वाटलं शाई सांडली."

दिरानं फाईल उघडली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता आपलीच वर्णी!

कसलं काय! दिरानं माझी चौकट उचलली, माझं अक्षर उचललं आणि त्या धाकट्याच्याच अंगावर चढवलं. "आता झालं ना, वहिनी?" बाईसुद्धा म्हणाल्या, "झालं."

आता मी फायलीत वर नुसता पडून आहे. सगळे म्हणतात, इशारा कसा ठळक दिसतो! माझा सदरा घालून मिरवतोय लेकाचा.

फाईल झाडाल तेव्हा मला खुशाल काढून टाका. पण ती चौकट त्याच्या अंगावरून उतरवू नका. सासूबाईंना आता वाचता येतंय. आणि जमलंच तर त्या धाकट्याला सुनावा, सदरा थोरल्याचा आहे म्हणून.