फ्लोरिन नसलेलं मेण

डेन्व्हरच्या हिवाळी साहित्याच्या प्रदर्शनात कुणी आधी चेहऱ्याकडे पाहत नाही. नजर गळ्यातल्या ओळखपत्राकडे जाते. निळी पट्टी म्हणजे खरेदीदार, करडी म्हणजे विक्रेता. आम्ही करड्या पट्टीतले. दोन दिवस लोक आमची पट्टी पाहून पुढे सरकत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मार्गो प्रिचर्ड येणार होती.

मार्गो त्रेचाळीस स्की क्लबांसाठी मेण घेते. शर्यतीच्या स्कीच्या तळाला इस्त्रीने मेण लावावं लागतं, नाहीतर ओल्या बर्फात ती चिकटते. पूर्वी त्या मेणात फ्लोरिन असायचं आणि वेगात त्याला तोड नव्हती. पण ते बर्फावर झिजून पिण्याच्या पाण्यात जातं, मेण लावणाऱ्यांच्या रक्तात उतरतं, आणि तिथून लवकर जात नाही. शेवटी शर्यतींत त्यावर बंदी आली. फ्लोरिनशिवाय तसंच चालणारं मेण बनवायला मला सात वर्षं लागली. मी आणि माझा धाकटा भाऊ वेस ते मिशिगनच्या उत्तर टोकाला, हँकॉकमध्ये, एका बंद पडलेल्या बेकरीत ओततो. मदतीला दोन बायका आहेत. पुढच्या हिवाळ्याच्या ऑर्डरी जानेवारीतच ठरतात. मार्गोने हो म्हटलं तर आमचं काम चालणार होतं. नाही म्हटलं तर मार्चअखेर बेकरीला पुन्हा कुलूप.

तिची अट एकच होती. ती फ्लोरिन शोधणारं स्वतःचं यंत्र घेऊन येणार, शर्यतीसाठी तयार केलेल्या स्कीवर तीन ठिकाणी लावणार, आणि तिन्ही वेळा दिवा हिरवा लागला पाहिजे.

सकाळी मी स्कीची नवी जोडी उघडली, नव्या इस्त्रीने मेण लावलं, गार झाल्यावर खरवडलं. शेवटचं ब्रशने घासणं बाकी ठेवलं. ते मला मार्गो यायच्या थोडं आधी करायचं होतं. नवा ब्रश अजून पाकिटातच होता. दीडच्या सुमाराला हात धुवायला गेले. तिथे रांग होती.

परत आले तर वेसचा चेहरा फुलला होता.

"ओळख कोण आलंय!"

स्टॉलच्या मागच्या खुर्चीत गॉर्डी लाक्सो कॉफी पीत बसले होते. अंगात राष्ट्रीय संघाचं जाकीट.

"काय गं पोरी, स्की अर्धवट टाकून हिंडतेस? हेच शिकवलं होतं का मी तुला?"

मी बारा वर्षांची असताना इस्त्री कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं होतं. आता ते देशाच्या मुलींच्या स्की तयार करतात. अशा माणसांना न घासलेला तळ दिसला की त्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. आमच्यात तो मान समजतात, नको म्हणणं उद्धटपणा.

"त्यांनी स्वतः घासली," वेस म्हणाला. "चमक बघ. तुला सात जन्मांत जमली नसती."

"कुठल्या ब्रशने?"

"माझ्याच. शेजाऱ्याचा आणू काय?" गॉर्डींनी खिशातून ब्रश काढला. घोड्याच्या केसांचा, लाकडी पाठीचा. पाठ हाताच्या घामाने काळी पडली होती.

"तुम्ही जुने सगळे फेकले होते ना? बंदी आली तेव्हा?"

"फेकले की. हा एवढाच ठेवला. तीसेक वर्षं झाली याला. चांगला तीनदा धुतलाय, घाबरतेस काय?"

फ्लोरिन पाण्याने धुऊन जात नाही. पाण्याला दाद न देणं हाच तर त्याचा गुण.

"वेस, जोडीतली दुसरी काढ."

"तीपण घासली त्यांनी."

तेवढ्यात मार्गो आली. दहा मिनिटं लवकर. तिने यंत्र टेबलावर ठेवलं, तार लावली, आणि आमची स्की उलटी करून पहिला बिंदू धरला.

लाल. मधला बिंदू, लाल. शेवटचा, लाल.

"हे आमच्या मेणातलं नाही," मी म्हणाले. "घासणाऱ्या ब्रशमधून आलंय. मला तासभर द्या. नवी स्की, बंद पाकिटातलं मेण, तुमच्यासमोर लावते."

"ब्रशची गोष्ट सांगणाऱ्या आज तुम्ही चौथ्या," मार्गो म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कुणाचा ब्रश?"

वेसने तोंड उघडलं. मी त्याचं मनगट दाबलं. दोन आठवड्यांनी गॉर्डींच्या संघातल्या मुलींची जागतिक स्पर्धा होती. त्यांच्या ब्रशमध्ये फ्लोरिन आहे असा एक शब्द फुटला असता, तर त्यांच्याबरोबर त्या मुलींच्या सगळ्या स्की अडकल्या असत्या. पण ते स्वतः बोलू शकत होते. मी थांबले. त्यांच्याकडे पाहिलं.

गॉर्डींनी ब्रश खिशात सरकवला.

"बाई, मी हिला लहानपणापासून ओळखतो," ते मार्गोला म्हणाले. "फसवणाऱ्यातली नाही ही."

"नसेलही. पण आमच्या क्लबांत मेण लावतात मुलांचे आईबाप. त्यांच्या गॅरेजमधल्या ब्रशांवर काय काय आहे, देव जाणे. एकदा घासल्यावर हे लाल होत असेल तर मी ते पोरांना देऊ कशी?"

"असं कुठल्याही मेणाचं होईल. चांगल्यातल्या चांगल्या."

"होईलही. पण मी लाल पाहिलं ते तुमच्या स्कीवर."

तिने तार गुंडाळली, यंत्र पेटीत ठेवलं आणि वेसशी हस्तांदोलन करून गेली. माझा हात टेबलाखाली होता. तो वर काढायचं मला सुचलं नाही.

"मला खरंच वाटलं होतं, धुऊन गेलं असेल," गॉर्डी म्हणाले.

"माहीत आहे."

"मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. मग तिला सगळं सांगतो. शपथेवर."

"मार्चमध्ये कोण ऐकणार, म्हातारबुवा?" वेस म्हणाला. "तेव्हा आम्ही असणार कुठे?"

गॉर्डी उठले. कॉफीचा कप कचऱ्यात टाकून गर्दीत गेले. त्यांची पाठ वाकली होती. तशी ती आधीपासूनच होती, ओणवं राहून काम करणाऱ्यांची असते तशी.

चार वाजता शेजारच्या स्टॉलवर फुकट बिअर सुरू झाली. रोज होते. मी राखीव जोडी उघडली, नव्या ब्रशचं पाकीट फाडलं, सगळं पहिल्यापासून केलं. प्रयोगशाळेतून उसनं आणलेलं आमचं यंत्र लावलं. हिरवा, हिरवा, हिरवा. मी वहीत वेळ आणि तळाचं तापमान लिहिलं.

"कुणासाठी लिहितेस?" वेसने विचारलं.

मी वही मिटली. तो फोन घेऊन स्टॉलच्या मागे गेला. हँकॉकमधल्या बायका निकालाची वाट पाहत होत्या. दोघींपैकी कुणाला आधी सांगावं, एवढंच त्याने मला विचारलं.

लोक बिअर घेऊन फिरत होते. ग्लास ठेवायला जागा नव्हती म्हणून एकाने आपला रिकामा ग्लास आमच्या टेबलावर ठेवला. मग दुसऱ्याने. त्यांतल्या एकाची पट्टी निळी होती. त्याने मला विचारलं, इथे कुणी बसतं का?

"नाही," मी म्हणाले.