आवाजाचा सांधा

"ताई, तेवढं आईंना सांगू नका हं," टेलरकाका सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले.

बाळाच्या झोळीचा उसवलेला पट्टा शिवून घ्यायला मी गेले होते. समोरच्या फळीवर आईने केलेला स्पीकर होता. त्याचं पुढचं जाळीचं कापड निघालेलं, त्यामुळे खालचा मोठा शंकू उघडा दिसत होता. वरच्या छोट्या ट्वीटरवर मात्र कापसाचा जाड बोळा चिकटपट्टीने बसवला होता.

"कानाला टोचतो हो," ते ओशाळून म्हणाले. "पहिली जोडी दिली होती त्यांनी, ती म्हणजे लोणी. ही दुसरी... पण सांगायचं कोणत्या तोंडाने? दर आठवड्याला येऊन विचारतात, कसा वाजतोय. मी म्हणतो, एकदम फर्स्टक्लास! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर आत रुमाल कोंबलाय. नाचाच्या क्लासवालीनेही काहीतरी केलंय म्हणे."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एका आईला सोडून.

बाळाला खांद्यावर टाकून मी घरी आले. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. त्या टेबलावर आता वायरी, तारेची वेटोळी, कपॅसिटर. कोपऱ्यात फक्त एका ताटापुरती मोकळी जागा. मी आल्यापासून ती पसारा मागे रेटून दोन ताटांची करत होती. उद्या मी गेले की पसारा पुन्हा पुढे सरकणार.

तीस वर्षं तिने ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तार गुंडाळली. बाबा गेले, नोकरी संपली, मी सासरी. मग ही स्पीकर करू लागली. "एकट्या काय करता हो दिवसभर?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "एकटी कुठे? कान आहेत ना सोबतीला."

"झोपव तिला आत आणि ये," आई म्हणाली. "वाचनालयाच्या सभागृहाची जोडी आहे. उद्या न्यायला येतील. आकडा पक्का करायचाय."

आकडा म्हणजे क्रॉसओव्हरचा. जाड आवाज मोठा शंकू काढतो, बारीक आवाज ट्वीटर. मधे कुठेतरी एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं. माझं बाळ झालं तेव्हा आईने मला ते समजावलं होतं. "झोपलेलं मूल एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर देतो ना, तसं. जागं झालं तर समजायचं, जागा चुकली."

"पूर्वी मी साडेतीन हजार हर्ट्झवर द्यायचे," ती टेबलावरचा खटका फिरवत म्हणाली. "पण हल्ली तिथे बारीक आवाज दबतो बघ. ट्वीटर पूर्वीसारखे येत नाहीत गं. म्हणून खाली आणत आणत दोन हजारावर आलेय. आता कसा उघडलाय, ऐक."

तिने कॅसेट लावली. गाणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' ताटलीवर सुरी ओढावी तसा आला. इवल्याशा ट्वीटरवर नको तेवढा भार पडला होता. बिचारा किंचाळत होता. आई डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होती.

"कसं?"

"छान आहे."

तिने डोळे उघडले. कॅसेट थांबवली.

"लहानपणी कडू औषध घेऊन 'गोड आहे' म्हणायचीस, तेव्हा अस्संच तोंड व्हायचं तुझं. खरं सांग."

"टोचतोय गं आई."

"किती?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला कापसाचं सांगावं लागलं. रुमालाचंही. टेलरकाकांना दिलेला शब्द असा दुपारच्या आतच मोडला.

आई बराच वेळ हातातल्या तारेचं वेटोळं सरळ करत बसली. सरळ झालेलं पुन्हा सरळ करत.

"ट्वीटर चांगलेच होते म्हणजे," ती शेवटी म्हणाली. "आणि मी त्या ट्वीटरवाल्या दुकानदाराशी भांडून आले." मग थोड्या वेळाने, "कापूस तरी बरा वापरलाय का त्याने? का अस्तराचा उरलेला कोंबलाय?"

मला हसू आलं, तिलाही आलं. पण तिचं लवकर संपलं.

"कारखान्यातली यंत्रं," ती कानाला बोट लावून म्हणाली. "तेव्हाच थोडं थोडं नेत असणार. सांगून थोडंच नेतं कुणी."

"वाचनालयाला कळवूया का, नाही जमणार म्हणून?"

"का? हात आहेत अजून."

ती उठली. आपली खुर्ची उचलून तिने उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून, अगदी माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. खटक्याची पाटी मांडीवर घेतली.

"बोलायचं नाही. छान नाही, वाईट नाही. नुसतं ऐक."

कॅसेट पहिल्यापासून सुरू झाली. दोन हजार. अडीच हजार. तिचं बोट खटक्यावर होतं, नजर माझ्या कपाळावर, भुवयांवर, ओठांच्या कडांवर. मी तापाने फणफणले की ती अशी बघायची. तीन हजार. ती थांबली, एक पायरी मागे गेली, पुन्हा पुढे आली. आणखी पुढे. साडेतीन हजारावर गाणारी बाई एकदम एक झाली. कुठे शंकू संपला, कुठे ट्वीटर सुरू झाला, कळेना. आईने खटक्यावरचं बोट उचललं.

"हं. इथे तर," ती पुटपुटली. "इथेच होतं ते."

आम्ही तशाच बसून राहिलो. गाणं संपलं. कॅसेट मात्र फिरत होती, आणि ट्वीटरमधून तिची अगदी बारीक, रेशमासारखी खरखर येत होती.

"संपलं?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून आहे थोडं."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत ऐकत राहिली.